दोन आयुष्यांपुरता

भुसावळच्या लोको शेडात हजेरीपटावर
त्याचं नाव फिलोमेनो काजेतान रेबेल्लो,
टोकन नंबर सातशे बारा.
पण सगळे बारानच म्हणायचे.
'बारान भो, चहा झाला का?'

मी पगारपत्रकं लिहायचो, नवा होतो.
विचारलं, हे बारान काय प्रकरण?
त्यानं कळण्याच्या भाकरीखालचं फडकं उलगडलं,
मेणकापडातला कागद काढला.
राजाची मोहोर. उंदरानं अर्धी खाल्लेली.
'बारांव द व्हाल्द्रोझो,' म्हणाला,
आणि शेवटी नाकातून असा काही सूर काढला
जो माझ्याच्यानं आजवर निघालेला नाही.

व्हाल्द्रोझो त्यांच्यात कुणीच पाहिलं नव्हतं.
पणज्यानं राजाला गलबतं दिली भाड्यानं.
भाडं थकलं, तेव्हा किताब आला.
खाली बारीक अक्षरात: दोन आयुष्यांपुरता.
पहिलं आयुष्य पणज्याच्या मिशीला तेल लावण्यात गेलं.
दुसरं आज्याचं. तो मडगावात पत्त्यांवर
माडांची बाग हरला, बायकोच्या पाटल्या हरला.
किताब तेवढा कुणी डावावर घेईना.
बापानं लिस्बनला अर्ज केला, मुदत वाढवा.
उत्तर आलं, आधी फी भरा.
फी जमेपर्यंत
राजाच उरला नाही.

'मग तू कोण?'
'चौथा. म्हणजे कुणीच नाही रे,'
आणि पाना घेऊन इंजिनाच्या पोटाखाली सरकला.
मे महिना. रुळावर हात टेकवत नव्हता.

रिटायर झाला त्या दिवशी
हार, नारळ, फोटो सगळं उरकल्यावर
त्यानं आपली तेलकट टोपी
हेल्पर सुपडू बाविस्करच्या डोक्यावर ठेवली, बस्स.
सोमवारपासून सुपडू बारान झाला.
सुपडूनं समुद्र पाहिला नव्हता,
हतनूरचं धरण पाहिलं होतं.

आता सुपडूचा पेन्शनचा फॉर्म माझ्या टेबलावर आहे.
'उर्फ'चा रकाना रिकामा.
नियमानं मी पुरावा मागायला हवा.
'लिहा ना साहेब. पोऱ्यालाबी तेच म्हणतात आता.
काही फी पडते का?'
नाही, म्हटलं. कसं लिहू?

सुपडूनं पान थुंकलं, तोंड पुसलं
आणि म्हणाला, 'बारांव.'
शेवटी नाकातून
अगदी तोच सूर.