लाल

मार्गशीर्षात पथारीवर मिरची पसरली की
आमच्या नंदुरबारात कॉम्प्युटरसुद्धा शिंकतात.
मी ब्रश, फुंकणी आणि दोन रुमाल घेऊन निघते,
एक माझ्या नाकाला, एक पंख्याच्या पात्यांना.

भटूशेठच्या आडतीत, वजनकाट्याशेजारी,
तो पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसलेला,
आणि पडद्यावर गाडीला असतो तसा काटा
लालात शिरून थरथरत होता.
तेराशे अठ्ठेचाळीस दोष.
वेग: चिंताजनक.
खाली एक हिरवं बटण, श्वास घेतल्यासारखं लहानमोठं होणारं.

दिवाणजी जगतराव हळूच म्हणाले,
"चैत्रात पाचशे दोष होते. नऊशे नव्व्याण्णव भरले.
आषाढात आठशे झाले. परत भरले."
खतावणीत त्यांनी ती रक्कम
'औषधपाणी' खात्याला टाकली होती.

कुठून आलं, हे कुणालाच सांगता येईना.
मग कळलं, पाहुण्यांच्या पोरानं
लग्नपत्रिकेसाठी वळणदार अक्षरं शोधताना
एक 'होय' जास्त दाबला होता.

मी आधी इंटरनेटची वायर उपटली.
काढायला गेले तर ते रडवेलं तोंड करून विचारू लागलं,
खरंच जाऊ? संरक्षण संपेल.
अर्ध्या किमतीत राहतो.
'राहू द्या' हे बटण मोठं, ठळक.
'काढा' कोपऱ्यात, राखाडी,
उधारी मागायला आलेल्या माणसासारखं अंग चोरून.
मी ते दाबलं.
त्याच्यासोबत आलेले तिघे शोधले:
एक हवामान सांगणारा, एक कूपनं वाटणारा,
एक नुसताच, बिननावाचा.
शेवटी घड्याळ हसलं, असं मला वाटलं.
तीनशे रुपये घेतले आणि घरी आले.

सकाळी नऊला फोन.
"सिंधू, तो परत उना."

कुंदा वरून कापला होता मी.
मुळी खाली तशीच.
ठरलेल्या कामांच्या यादीत, अगदी तळाला,
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
'स्वतःला पुन्हा आण' अशी एक ओळ.
दोन दहाला आडतीत असतं कोण?
कुत्रं, आणि पोत्यांचा वास.
हा मात्र उठायचा, दार उघडायचा,
आणि उजाडेपर्यंत मोजलेले दोष मांडून ठेवायचा.

ती ओळ काढली. मग खोकं उघडलं.
पंख्यावर बोटभर लाल पूड.
खरा आजार हा होता:
जीव गुदमरलेला, म्हणून तो हळू चालायचा.
मी फुंकलं. आडतीतले सगळे शिंकले,
दारातला हमालसुद्धा.

भटूशेठ इतका वेळ बोलले नव्हते.
हा माणूस मूठभर मिरची तळहातावर चोळून सांगतो
पाणी कुणी मारलंय, रंग कुणी,
आणि समोरचा व्यापारी खाली बघतो.
त्यांनी जुना पडदा पुन्हा दाखवायला लावला,
मी काढून ठेवलेला फोटो.
अंगठा त्या लालावर घासला,
मग अंगठा धोतराच्या सोग्यावर पुसला.
सोगा पांढराच.

"हाऊ रंग हातले लागत नही," ते म्हणाले.
"मंग वळखाना कसा?"

मला उत्तर आलं नाही.
म्हटलं, जो आधी घाबरवतो आणि मग पैसे मागतो,
त्याला पायरीवरच बसवायचं.
त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही,
भाव ऐकून घेतल्यासारखी.

परवा त्या रस्त्यानं जाताना डोकावले.
कॉम्प्युटर चालू होता, बिलं निघत होती.
भटूशेठ त्याच्याकडे बघत बसलेले.
"आते काहीच बोलत नही," म्हणाले. "बरा शे ना?"

बरा आहे, म्हटलं.
बरं असलेलं असंच असतं, गप्प.

तरी त्यांनी त्याच्यापुढे
ताज्या मालातली एक मिरची ठेवली होती,
देठासकट.
मी काही विचारलं नाही.
पुसायचा रुमाल मात्र तिच्या बाजूनं फिरवला.