दीड तारा

मालिकेला नाव सिनेमाचंच दिलं होतं,
शेवटी फक्त एक उद्गारचिन्ह जास्त.
परीक्षण मी तिथूनच सुरू केलं,
खरं तर तिथेच संपवता आलं असतं.

टोलिडो, ओहायो. जानेवारी. मॉमी नदी गोठलेली.
टपालाने आलेल्या कॅसेटी ऑफिसातल्या रेडिएटरवर
पावासारख्या गरम होत पडलेल्या.
शिकागोच्या समीक्षकाने लिहिलं : चार मुली, एक बाप, विनोद शून्य.
न्यूयॉर्कच्या बाईंनी तर पोरींच्या स्वेटरांवरच
दोन परिच्छेद खर्च केले.
मी लिहिलं : 'दुःख इथे डबाबंद हशात मुरत घातलं आहे.'
वाक्य मला आवडलं होतं. खाली माझं नाव, इलोना बोड्नार.
संपादक ग्रेडी म्हणाला, दोन तारे दे, जाहिरातवाले ओरडतात.
मी दीड दिला.
अर्धा त्या ट्रकसाठी.

कारण सिनेमात ट्रक होता.
बायको गेलेला पाववाला पहाटे चारला
गाडी रस्त्याच्या कडेला लावतो,
मागचा एक पाव फोडून नुसताच खातो.
दोन मिनिटं. संगीत नाही. काचेवर वाफ.
आई गेली त्या वर्षी बाबांना घेऊन गेले होते मी.
त्या दोन मिनिटांत ते उठले.
सापडले लॉबीत, लाह्यांच्या यंत्रापुढे,
हात मागे बांधून, भट्टी तपासावी तसे
एकेक दाणा फुटताना बघत.
एकतीस वर्षं काचेच्या कारखान्यात;
बिल्ल्यावर रॉय, खरं नाव रेझो.
हंगेरियनमध्ये काहीतरी पुटपुटले,
मला 'मीठ' एवढंच कळलं.

मालिकेत ट्रक हॉर्नपुरता उरला.
हॉर्न वाजतो, दार उघडतं, टाळ्या.
धाकटी विचारते, आई कुठे गेली असेल?
बाप म्हणतो, हरवलेले मोजे जातात तिथे.
हशा.

दर मंगळवारी साडेआठला बाबा त्या खुर्चीत.
आणि हसत. मोज्यांना तर डोळे पुसेपर्यंत.
मी स्वयंपाकघरात दात आवळून कांदा परतत.
माझं परीक्षण त्यांनी कापून फ्रिजवर लावलेलं,
नेहमीसारखं, माशाच्या चुंबकाखाली.
इंग्रजी वाचायला त्यांना चष्मा लागायचा,
हसायला लागत नसे.
वाचलंत का, हे मी विचारलं नाही.

नऊ भागांनंतर मालिका बंद.
त्या जागी बोलिंगच्या स्पर्धा.
'आज नाही?'
'बंद केली, बाबा.'
'कुणी?'
कांदा करपला.

दहावा भाग माझ्या खणात होता. कच्चा,
हशा अजून भरायचा राहिलेला.
कोटाच्या खिशात घालून घरी आणला,
चोरल्यासारखा.

नट वाक्य टाकतो आणि थांबतो.
कुणीच हसत नाही. तो थांबलेलाच.
पोरीही थांबतात, चमचे हवेत,
सेटच्या भिंतीमागे कुणीतरी शिंकतं.
मला वाटलं, आता कळेल यांना,
केवढे उघडे पडलेत हे विनोद.
पण बाबा हसले. नेमके त्याच जागेत,
चर्चच्या बाकावर टोपी ठेवून
कुणी त्यांच्यासाठी जागा धरावी, तसे.
पुन्हा थांबणं, पुन्हा बाबा.
एकदा उशिरा हसले आणि वाक्य बुडालं.

मग सतरावं मिनिट.
धाकटी झोपेत हॉर्नचा आवाज काढते.
बाप दारात उभा. त्याला वाक्यच नाही.
नट थांबतो, हशासाठी की आणखी कशासाठी
ते लिहिणाऱ्याला ठाऊक.
बाबा हसले नाहीत.
व्हीसीआरची गुरगुर तेवढी,
आणि त्यांच्या तळव्याखाली खुर्चीचा हात,
झिजून काचेसारखा.

'मागे घे.'
'कुठून?'
'हॉर्नपासून.'

मालिका वाईटच होती.
आजही दीडच देईन.
मी बटण दाबलं.