बाहीचं माप

सिस्टर देदे आली होती काळ्या-लाल कापडाचा ड्रेस शिवायला टाकून,
शनिवारी तिच्या मामाची माती.
टाकोराडीत, मार्केट सर्कलच्या मागे, तीन जिने चढून माझं दुकान.
मी खालून बटणं घेऊन वर आले,
टेप तिच्या दंडाभोवती धरली
आणि नुसतीच उभी राहिले. आकडा वाचता येईना.
श्वास मागून येत होता, एक जिना मागे.

"अराबा, किती दिवस असं?"
दिवस कशाला मोजायचे? धूळ आहे, हरमॅटनचं वारं आहे.
वय आहे. एकोणचाळीस म्हणजे काही थोडं नाही, म्हटलं.
ती हसली नाही.
"न्हिराच्या वेळी काय झालं होतं?"

अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मलेरियाचं विचारलं, दाढेचं विचारलं,
चर्चला दशांश देतेस का, तेही विचारलं.

काय झालं होतं?
पाय असे सुजले की नवऱ्याच्या चपला घालून प्रार्थनेला गेले.
डोळ्यांपुढे काजवे.
डोकं असं, की आतून कुणी गरम इस्त्री फिरवतंय.
मग ते इंजेक्शन, नसेतून निखारा सरकत गेला.
चौतिसाव्या आठवड्यात पोट फाडून काढली तिला,
दोऱ्यांच्या डब्यात मावेल एवढी.
आठव्या दिवशी ठेवायचं नाव चाळिसाव्या दिवशी ठेवलं.
वार पडली, दुखणं गेलं,
असं डॉक्टर म्हणाले, सासू म्हणाली,
मी तर सगळ्यांत आधी म्हणाले.

देदे स्टुलावर बसली, मामाचं कापड मांडीवर.
"जुना ड्रेस दुरुस्तीला आला की तू काय करतेस?"
उलटा करते.
गिऱ्हाईक म्हणतं, वरून तर चांगला आहे.
मी अस्तर बघते.
एकदा ताण पडला की आधी अस्तर जातं,
वर्षानुवर्षं आतल्या आत विरत राहतं,
वरच्या कापडाला पत्ता नसतो.

नसांनाही अस्तर असतं म्हणे.

तिनं पिशवीतून यंत्र काढलं, पट्टा माझ्या दंडाला बांधला.
बावीस वर्षं मी लोकांचे दंड मोजतेय.
एवढी घट्ट बाही मी शिवली असती
तर गिऱ्हाईक पायरी चढलं नसतं पुन्हा.
एकशे अठ्ठावन्न, म्हणाली. खाली शहाण्णव.
आणि थांबली,
मी कुणाची कंबर मोजल्यावर थांबते तशी.

रात्री न्हिरानं विचारलं, सुपातला खारवलेला मासा कुठे गेला?
सांगितलं, जमेल तसं.
ती बराच वेळ केंकी चिवडत बसली.
"म्हणजे माझ्यामुळे?"

मशीनवर दोरा तुटला की सुई चालूच राहते,
कापडाला भोकं पडत जातात, टीप पडत नाही.
मी तशी बोलत राहिले काहीबाही.
तुझ्यामुळे नाही, तुझ्यामुळे नाही.
मग तिचं बोट धरून माझ्या मनगटावर ठेवलं,
मोज, म्हटलं.
ती ओठ हलवत मोजत राहिली,
एकसष्टच्या पुढे चुकली, पुन्हा एकपासून.

माझी मापांची वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची.
छाती, कंबर, खांदा, बाही, अर्ध्या गावाची.
मेलेल्यांचीही आहेत, ती पानं मी फाडत नाही.
काल स्वतःचं पान काढलं.
अराबा. १५८/९६. गोळी रोज रात्री. महिन्यानं परत.
खाली चार ओळी सोडून,
न्हिरा. चौतिसाव्या आठवड्यातली. आईला दाब होता.
आकड्याची जागा कोरी.
कधीतरी तिलाही कुणी विचारेल,
निदान वही कुठे ठेवलीय ते तिला माहीत हवं.

देदेचा ड्रेस शुक्रवारी झाला.
बाह्या अर्धा इंच सैल ठेवल्या.