दोन नंबरच्या लिफ्टपाशी

विनेश, आधी झाड.
मऊ झाडूनं. खराटा नको, तारेचा ब्रश तर नकोच.
घोडबंदरची सगळी खणलेली खडी
टायरच्या खाचांत बसून आत येते,
तिच्यावरच ओलं फडकं फिरवलंस
की झाला त्याचा पॉलिश पेपर.
मग शटर उघडलं की उन्हात ओरखडे दिसतात,
आणि गिऱ्हाईक आधी जमीन बघतं,
इंजिन त्याला कुठं कळतंय.

बादलीत कोमट पाणी. साबण टोपणभर,
पांढऱ्या कॅनमधला. भांड्यांचा नाही.
अ‍ॅसिड नाही, फिनेल नाही,
तुमच्या घरी काय चालतं ते मला सांगू नकोस.
वायपर आतून दाराकडे, एका दमात.
मध्ये थांबलास तर तिथं रेघ वाळते.

ऑइल सांडलं तर चहा खाली ठेव, आधी पूस.
ब्रेक ऑइल सांडलं तर चहा टाकूनच दे,
ते कोटिंग खातं, वाळवीसारखं, आवाज न करता.
बॅटरीचं पाणी पडलं तर खायचा सोडा:
डब्यावर साखर लिहिलंय, ती साखर नाही.
जॅकखाली प्लायचा तुकडा.
नाशिकहून तापून आलेली गाडी अर्धा तास बाहेर उभी,
गरम टायर रंग चाटून नेतो.

एक लाख चाळीस हजार गेलेत यात.
सात दिवस वागळे इस्टेटमध्ये एकटं माझंच शटर खाली.
तुर्भ्याच्या सेल्वराजनं मशीन लावलं,
तीस वर्षांचा काळा थर पिठासारखा उडाला,
खालचं सिमेंट इतकं गोरं
की मला माझंच दुकान ओळखू येईना.
फक्त इथं, दोन नंबरच्या लिफ्टपाशी,
परातीएवढा डाग. घासावा तितका ओला.
सेल्वराज गुडघ्यावर बसला, बोट लावून वास घेतला,
म्हणाला, इथं कोण बसायचं?

रोहिदास मढवी बसायचा.
कळव्याहून सायकलनं यायचा.
लिफ्ट नव्हती तेव्हा, गोणपाट होतं.
गोणपाटावर बसून रॉकेलमध्ये एकेक पार्ट धुवायचा,
तांदूळ निवडावेत तसा, बावीस वर्षं.
निथळायचं ते सगळं खाली.
ट्रे ठेव म्हणून मी ओरडायचो,
नवीन नवीन गल्ल्यावर बसलो होतो.
तो म्हणायचा, जमीन पितेय ना, पिऊ दे.
शेवटी शेवटी हात थरथरायचा, जास्तच सांडायचं.
मी रॉकेलचे पैसे पगारातून कापले.
वहीत आहेत. सतरा वेळा.

सेल्वराजनं खूप केलं.
डाग जाळला, रसायन ओतलं, रात्रभर भुसा ठेवला,
प्रायमरचे तीन हात दिले.
वर कोटिंग कसं, तर तोंड बघून घ्यावं.
पहिल्याच मे महिन्यात फोड आला, रुपयाएवढा.
कापला, भरला, रंगवला. शेड जुळली नाही.
पुढच्या मेमध्ये पुन्हा, जरा शेजारी.
खालचं तेल वर येतंय, सेल्वराज म्हणाला,
सहा इंच स्लॅब फोडावा लागेल,
आणि ही जागा वॉरंटीत बसत नाही.

फोडणार होतो. माणूसही सांगून ठेवला होता.
मग गाड्या आल्या, दसरा आला, राहिलं.

तर तिथं वायपर ओढायचा नाही.
तिथं हातानं, फडकं पिळून, कडेकडेनं.
अंगठा ठेवला तर आत काहीतरी हलतं,
तू ठेवू नकोस. फुटेल.
ते मी बघतो, तू गेल्यावर.

घाण पाणी गटारात नाही, निळ्या पिंपात.
आणि दिवा घालवायच्या आधी
एकदा वाकून बघ, अगदी जमिनीला गाल लावून.
उभ्यानं सगळं स्वच्छच दिसतं.