निव्वळ

खाण चालू होती तेव्हा मी काट्यावर बसायचो.
ट्रक चढायचा, आकडा थरथरायचा, थांबायचा.
भरलेला, रिकामा, निव्वळ.
तीन रकाने, ड्रायव्हरची सही, पुढचा.
धुतलेलं बनियनसुद्धा लाल वाळायचं.

आता कुडचड्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत,
समोर पोस्टकार्डाएवढा काटा
आणि ताटलीत एकशे वीस ग्रॅम काजूचं पीठ.
पंखा बंद. सुलक्षा म्हणते, खोकू नकोस.

मडगावच्या डॉक्टरने कागदावर
एकच शब्द लिहिला होता, गहू,
आणि त्याच्यावर फुली.
मिथिला तेव्हा साडेपाच वर्षांची, उंड्याची वेडी.
सकाळी पोदेराचा भोंपू वाजला
की आम्ही रेडिओ मोठा करायचो.

दुकानात एक पाकीट सापडलं.
बदामाचं पीठ, अर्धा किलो, सहाशे चाळीस रुपये,
पाठीवर कुठल्यातरी परदेशी शेताचा फोटो.
मी ते तळहातावर तोललं, सवयीनं,
आणि जिथून उचललं तिथेच ठेवलं.

गिरणीत नेऊन उपयोग नव्हता.
दयानंदच्या गिरणीत गहू पट्ट्यावर असतो,
भिंतीवर असतो, दयानंदच्या भुवयांवर असतो.

मग शेजारची एस्परांस आली.
ती कारखान्यात काजू निवडते,
तिची बोटं डिंकाने काळी.
पिशवीत तुकडा: पाकळीहून लहान, भुकटीहून मोठा,
ज्याला कोणी भेट म्हणून देत नाही
असा काजू. कामगारांच्या भावात.
“उन्हांत घाल. मागीर फ्रीजांत.
आनी चड वाटूं नाका, तेल सुटता.”

मी चड वाटलं.
मला वाटलं, अजून बारीक, अजून एक फेरा.
भांड्यात पीठ नव्हतं, लोणी होतं,
आणि मोटरीला जळका वास.
ओलं फडकं गुंडाळून मिक्सर निजवला.
दोनशे ग्रॅम, शंभर रुपये, वहीत ‘नासले’ लिहिलं.
मिथिलाने ते ‘नासले’ चमच्याने पुसून खाल्लं.

नंतर हात शिकले.
तीन सेकंद, थांब, हलव, परत तीन सेकंद.
नाचणी धुवायची, गच्चीवर वाळवायची,
खारीशी भांडायचं, मंद भाजायची.
मे महिन्यात फणसाची बिकणां उकडून,
सोलून, कातरून, मीठ सुकवतात तशी सुकवून.
बिकणांचं पीठ चिकट, हट्टी,
एकटं भाकरीला उभं राहत नाही,
पण नाचणीच्या खांद्यावर हात टाकून चालतं.

संध्याकाळी मी जुनी वही काढतो,
खाणीची, पाठकोरी राहिलेली.
तुकडा, वीज, चाळणीत उरलेला कोंडा,
माझा वेळ (याचा रकाना रिकामा).
पाकीट आणि हे यांच्यातला फरक
किलोमागे सातशेच्या वर जातो.
सुलक्षा विचारते, जातो ना, मग कुठे जातो?
दिसत कसा नाही?
मी गॅसच्या पावतीकडे बोट दाखवतो.

पहिल्या भाकऱ्यांना भेगा पडल्या,
खाण बंद पडल्यावरच्या रस्त्यांसारख्या.
पहिला केक एस्परांसच्या कोंबड्यांनी खाल्ला
आणि त्याही विचार करून.
चौथा फुगला. आम्ही तिघं
ओव्हनच्या काचेसमोर उकिडवे,
कोणी बोललं नाही.

काल आरोग्य केंद्रात
मिथिला काट्यावर ठरेना, उड्याच मारत राहिली.
नर्स वैतागली.
मी म्हटलं, द्या माझ्याकडे.
तिला कडेवर घेऊन चढलो:
भरलेला, एकोणऐंशी पूर्णांक एक.
तिला उतरवून परत चढलो:
रिकामा, एकसष्ट पूर्णांक दोन.
नर्सच्या आधी माझी वजाबाकी झाली.
गेल्या गणपतीत हाच आकडा
पंधरावर अडकला होता, पावसात चढावर
ट्रक अडकतो तसा.

घरी येऊन तिन्ही रकाने भरले.
सहीची जागा मोकळी होती.
मिथिलाने पेन मागितलं,
नाव अर्धंच लिहिलं, मग कंटाळली
आणि पिठाच्या डब्याचं झाकण उघडायला गेली.