कानातली नर्मदा

रात्री दोनच्या सुमारास तो सुरू व्हायचा.
सुरू कसला, दिवसभर असायचाच,
पण दोनला सुदामानगरातली कुत्री दमतात
आणि फ्रीजही मध्येच श्वास रोखतो,
तेव्हा ऐकू यायचा.
दूध उतू जायच्या आधी पातेलं करतं, तसा.

यांना म्हटलं, ऐका.
यांनी ऐकलं. म्हणाले, काही नाही.
यांचे कान मिलच्या मागांनी
केव्हाच वापरून टाकलेत.

गीताभवनजवळच्या डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं.
काकू, वय आहे. हा आवाज आतलाच.
पिवळी गोळी, रात्री एक.
त्या आतल्या आवाजाशेजारी मी सात महिने झोपले.
म्हातारपण असंच येत असेल, वाटलं,
आधी आवाज धाडतं, मग स्वतः.

आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते.
पाणी आलं असं म्हणतच नाही कुणी,
नर्मदा आली, म्हणतात.
घाटाखालून, जलूदहून, पंपांच्या खांद्यावर बसून
डोंगर चढून येते बाई,
आणि आल्या आल्या बादल्यांत, पिंपात, हौदात शिरते.
बिल दरमहा तेवढंच.
म्हणून ती पुढे कुठे जाते, कुणी विचारत नाही.

चैत्रात मी गच्चीवर गेले.
मुलीच्या जुन्या लिपस्टिकने टाकीत रेघ मारली,
सगळे नळ आवळले.
घरात दोनच माणसं, रात्री कुणी पाण्याला उठत नाही.
पहाटे पाणी रेघेच्या चार बोटं खाली.

मग फ्लशच्या टाकीत
रंगपंचमीच्या गेरीतून उरलेला गुलाबी रंग टाकला.
हे म्हणाले, आता मात्र कमाल झाली.
तासाभराने भांड्याच्या पांढऱ्यावरून
गुलाबी दोरा उतरत होता, कुणी ओढल्याशिवाय.
वॉशर बदलला. पुन्हा रेघ.
दोन बोटं परत मिळाली.
दोन अजून कुणाकडे तरी होती.

गेंदालाल आला, राऊहून, सायकलीला लांब सळई बांधून.
यंत्र नाही आणलंत?
आहे ना, म्हणाला, आणि कानाला हात लावला.
सळईचं एक टोक भिंतीला,
एक कानामागच्या हाडाला,
डोळे मिटून सरकत राहिला.
देवघर, नाही. कपाटामागे, नाही.
माझ्या उशामागच्या भिंतीशी थांबला.
"भाभीजी, ये दीवार तो पानी पी री है."
सळई माझ्या हातात दिली,
आणि मी ऐकला
माझा कान
भिंतीच्या आत.

प्लास्टर फोडलं.
एल्बोपाशी केसाएवढी चीर,
तिच्यातून पाण्याचा इवलासा पंखा उघडलेला.
मागच्या विटा चहात बुडवलेल्या टोस्टसारख्या.
हे वाकले, त्या पंख्यावर बोट धरलं,
आणि बराच वेळ धरूनच राहिले.
ऐकू आलं नव्हतं ते बोटाला कळत असावं.

हिशोब केलाच मी, कॅलेंडरच्या पाठीवर.
रात्रीच्या दोन बादल्या, दिवसाचं सोडून द्या,
गुणिले दोनशे दहा.
चारशे वीस.
आकडा पाहून हे इतके हसले की ठसका लागला,
आणि मी पाणी आणायला उठले,
अर्धाच पेला भरला.

त्या रात्री दोनला जागी होते.
कुत्री दमली. फ्रीजने श्वास रोखला.
भिंत गप्प.
नव्या सिमेंटचा ओला वास तेवढा.
वाट पाहिली, खूप वेळ.

मग अगदी बारीक,
दूध उतू जायच्याही कितीतरी आधीचं.

उठले, स्वयंपाकघरातली लांब पळी
भिंतीला लावून पाहिली. काही नाही.
म्हणजे हा खरंच माझा.

याच्यासाठी रेघ कुठे मारायची,
गेंदालालला विचारायला हवं.