सहाशे

विट्यात, रात्री पावणेदोनला,
एका कमांडसरशी दोन चाव्या निघतात.
एक दाराला देऊन टाकायची, गावभर वाटली तरी हरकत नाही.
दुसरी कुणालाच नाही.
तिला परवलीचं वाक्य घातलं.
ते इथंही लिहिणार नाही.

सर्व्हर सिंगापुरात. तो दुसरी मागतच नाही;
कोडं घालतो, मी इथूनच सही पाठवते.
चावी उंबरा ओलांडत नाही.

आधी माझ्याच मशीननं ती नाकारली:
फाईल फार उघडी आहे, इतरांना वाचता येते.
सहाशे केलं. म्हणजे फक्त मालकाला.
मग आत घेतलं.

आण्णांचं इरोडला गलाईचं दुकान.
तिजोरीची पितळी किल्ली करगोट्याला, अंघोळ करतानासुद्धा.
दिवाळीला आले की मी ती ओढायचे,
गाठ काही सुटायची नाही.
शेवटी आली प्लास्टिकच्या पिशवीत,
चष्म्यासोबत.
गाळ्याचं कुलूप तोवर बदललं होतं.

आई ती अजून घासते, चिंच लावून.

माझ्याकडंही एक आहे, जुन्या लॅपटॉपवर.
तिचं मशीन बंद पडून तीन वर्षं झाली.
पुसायला बोट जातं, थांबतं.
परवानगी तेवढी बघून घेते:
सहाशेच.